नियमात मावशी बसत नाही

प्रिय भिंगरी,

महिनाभर मी तुला फोन केला नाही आणि तूही केला नाहीस. दोघी एकाच घरातल्या आहोत, याला आणखी पुरावा नको. आधी मीच बोलते. वयाने मोठी आहे म्हणून नव्हे, माझ्या पोटात काही राहत नाही म्हणून.

मागच्या मैदानावर घरं होणार, ही नोटीस विजेच्या खांबावर लागली तेव्हा गल्लीतून पहिली हरकत माझीच गेली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर येणारं सकाळचं ऊन जाईल, एवढंच माझं दुःख. देशाला लाखो घरं हवीत, सरकारने परवानग्यांची घाई लावलीय, हे बातम्यांत ऐकलं होतं. पण माझं ऊन देशाच्या हिशेबात कोण धरतो? शेजारचे शिंपीकाका म्हणाले, तुमची भाची नगररचना कार्यालयात आहे, काम झालंच. मीही मनातल्या मनात मांडे खाल्ले.

माझ्या हरकतीची फाइल तुझ्याच टेबलावर आली, आणि तू ती दुसऱ्याकडे दिलीस! मला वाटलं, म्हातारीची कटकट नको म्हणून हात झटकलेस. पोटची असती तर असं वागली नसती, असं शिंपीकाकांना ऐकवलंसुद्धा.

काल तुझ्या जागी नेमलेला अधिकारी मैदान पाहायला आला. बूट चिखलाने भरलेले, म्हणून मागच्या पायरीवरच बसवून पाणी दिलं. बोलता बोलता त्याच्याकडून कळलं. आईबाप, नवरा-बायको, मुलं यांची हरकत असेल तरच अधिकाऱ्याने फाइल सोडायची. मावशी त्या नियमात बसत नाही. साहेबांनीही तुला तेच समजावलं, फाइल सोडू नकोस, वेळेत निकाल दे, बढती तुझीच आहे. तर तू भर बैठकीत म्हणालीस, नियमात मावशी बसत नसेल, पण ही बाई माझी आई आहे. बढती गेली ती गेलीच. त्याला हे सांगताना हसू येत होतं. मला मात्र आत जाऊन उगाच नळ सोडून उभं राहावं लागलं.

हरकत मी मागे घेतलेली नाही, हेही सांगून टाकते. फक्त बदलली. घरं होऊ देत. तू भाड्याच्या खोलीत पलंगाच्या वर दोरी बांधून कपडे वाळवतेस, ते मी पाहिलंय. माझ्या बाजूची इमारत तेवढी दोनच मजल्यांची ठेवा, एवढं म्हटलं. तो ‘बघतो’ म्हणाला. तुमच्या ऑफिसात ‘बघतो’ म्हणजे काय, ते तूच जाणे.

पण पत्र त्यासाठी नाही लिहिलं. माझी बहीण गेली तेव्हा तू एवढीशी होतीस, आणि थोड्याच दिवसांत मला आई म्हणायला लागलीस. मीच तुला दटावून ‘मावशी’ म्हणायला लावलं. तिची जागा बळकावल्यासारखं वाटायचं गं मला. तू गुणाची, पुन्हा कधी चुकली नाहीस. इतक्या वर्षांनी तो शब्द तू परक्या लोकांपुढे बोललीस आणि ऐकायला मी तिथे नव्हते. एकदा घरी ये, आणि माझ्यासमोर म्हण. या वेळी नाही दटावणार.

तुझीच,
अजून तरी मावशी