घराणं बुडेपर्यंत

चेन्नई

ती. आईस,
लेकीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. सांबारभातही आता गोड लागतो.

आमची मालिका जुन्या कादंबरीवरची, तंजावरच्या मराठी सरदार घराण्याच्या पडत्या काळाची. थोरल्या बाईसाहेबांना नऊवारी नेसवणारी इथे मी एकटीच, म्हणून सुट्टी नाही. शेवटच्या भागात घराणं बुडतं आणि बाईसाहेब साधं सुती लुगडं नेसतात. ते नेसवलं की मी घरी येणार होते. इस्त्री करून तयारही ठेवलं होतं गं!

पण मालिका लोकांना फारच आवडली. आज नव्या कांजीवरम साड्यांचा गठ्ठा आला. आता घराणं एवढ्यात बुडत नाही. कोणाला काय सांगू?

परवा बाबांनी फोनवर "कोण बोलतंय?" विचारलं, ते तू हसण्यावारी नेलंस. मी येईपर्यंत रोज माझा फोटो दाखव त्यांना, आणि नाव सांग.

तुझी,
विद्युलता