जाऊबाईंच्या हातचं मीठ

रविवार, संध्याकाळ

सासूबाईंना भेटायला आज धाडहून थोरल्या जाऊबाई आल्या. दिवाळीत फराळावरून बिनसलं, तेव्हापासून आमचा अबोला. मी ओट्यापाशी सॅलड करत होते. काकडी, गाजर, सफरचंद, डाळिंब, आणि चक्क्यात साय घोटून केलेलं घट्ट ड्रेसिंग. माझं सॅलड बिघडत नाही कधी. मिठाचा डबा नुसता जवळ ओढला, तर त्या दारातूनच म्हणाल्या, "मीठ आताच नको टाकू वं, पाणी सुटते."

मीठ शेवटी घालतात, हे मला माहीत नाही होय? अगदी ओठांवर आलं होतं. पण बोलल्या त्या, आधी. म्हटलं, "बरं झालं सांगितलं ताई. मंग तुम्हीच टाका ना."

जेवायच्या वेळी त्यांनी टाकलं. जरा जास्तच पडलं. मी दोनदा वाढून घेतलं.