एक कार्ड, चार मशिनं

३ जून, सोमवार
साहेबांनी विचारलं, चौघा डिझायनरना चार ग्राफिक्स कार्डं घेऊ का? मला हसू आलं. मोठ्या सर्व्हरच्या पोटात चार व्हर्च्युअल, म्हणजे नुसती सॉफ्टवेअरची, मशिनं करतो, एकच दणदणीत कार्ड चौघांत वाटून देतो, म्हटलं. साहेब खूश. जमलं तर महिनाअखेर मला कायम करणार. जमलं तर म्हणे.

६ जून
दुकानदार म्हणाला, वाटायचं कार्ड वेगळं येतं, महाग असतं. हे मला शिकवणार. साधंच आणलं. मॅन्युअल जाडजूड. चार पानं वाचली, पुढे तेच तेच असणार.

१० जून
चारही मशिनांना कार्ड नेमून दिलं. एक चालू करून पाहिलं. झकास. बाकीची तपासण्यात अर्थ नव्हता.

१२ जून
रडगाणं सुरू. जो आधी चालू करतो त्याचंच मशीन चालतं, बाकीच्यांची उठतच नाहीत म्हणे. मग या की आधी.

१८ जून
वॉचमन सांगतो, चौघेही साडेसातलाच दारात. जिन्यात ढकलाढकली. या ऑफिसला शिस्त कुणी लावली? मी. साहेबांना तसा मेल टाकला.

२१ जून
चौघांतल्या सिनियर बाई आता रात्रीही मशीन बंदच करत नाहीत. तिघांनी त्यांच्याशी बोलणं टाकलंय. ऑफिसात छान शांतता.
बायकोने विचारलं, मग तुम्ही वाटलं काय? तिला टेक्निकल कळत नाही.

२७ जून
उद्या मोठा क्लायंट. साहेब पडद्यावर त्याच्या नव्या इमारतीचं थ्रीडी चित्र फिरवून दाखवणार. आज सगळ्यांना मशिनं बंद करून जायला लावलं. मग कायम होण्याचा अर्ज लिहायला स्वतःसाठी पाचवं मशीन केलं, कार्डासकट. अक्षरं काय सुरेख दिसतात. अर्ज अर्धा झालाय. मशीन तसंच ठेवून घरी आलो.

२८ जून
क्लायंटसमोर एकही मशीन उठेना. चौघेही आपलं बंद असल्याचं शपथेवर सांगत होते. साहेब म्हणाले, मग कार्ड कुणाकडे आहे? चोर पकडून देतो म्हणून मी सर्व्हरवरच्या मशिनांची यादीच मोठ्या पडद्यावर लावली. एक मशीन चालू होतं. ऐटीत उघडलं. माझा अर्ज. ‘माझ्याशिवाय या ऑफिसचं पान हलत नाही’ इथवर आलेला. क्लायंटने मोठ्याने वाचला. अबोला विसरून चौघे एकमेकांना टाळ्या देऊन हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
नंतर साहेब शांतपणे म्हणाले, सोमवारपासून तुम्ही सकाळी यायची गरज नाही. मी म्हटलं, मी अकरालाच येतो. म्हणाले, तेव्हाही नको.