हवा भरायला गेलेल्या वडिलांच्या संमतीबाबत

प्रति,
मा. पासपोर्ट अधिकारी,
पासपोर्ट कार्यालय,
तिसरा मजला (लिफ्ट बंद).

विषय : वडिलांच्या सहीवाचून मुलीस पासपोर्ट मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या खिडकीवर वेळोवेळी मिळालेली तोंडी उत्तरे.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, सदर अर्जदार ही दातांच्या कवळ्या बनवणारी कारागीर असून तिला परदेशात त्याच कामाची नोकरी लागली आहे. तिचा स्वतःचा पासपोर्ट तयार आहे. सात वर्षांच्या मुलीचा मात्र वडिलांच्या सहीअभावी अडला आहे. मुलीला मागे टाकून जाणे अर्जदारास जमणार नाही, आणि पुढच्या महिन्यात हजर न झाल्यास नोकरी जाईल.

२) सदर मुलीचे वडील काही वर्षांपूर्वी "स्कूटरमध्ये हवा भरून येतो" असे सांगून घराबाहेर पडले. ते अद्याप हवा भरत आहेत.

३) ही हकीकत ऐकून खिडकीवरील साहेब म्हणाले, "बेपत्ता आहेत ना? मग तसं त्यांच्याकडून लिहून आणा." बेपत्ता माणसाकडून कसे, असे विचारता "सही त्यांचीच लागेल, बाई" असे उत्तर मिळाले. पोलीस चौकीत हवालदारांनी सर्व शांतपणे ऐकले आणि "हा हरवलेला नाही, पळालेला आहे. आम्ही हरवलेले शोधतो," असा खुलासा केला.

४) मग आपल्याच कार्यालयाच्या सल्ल्यावरून पती बेपत्ता असल्याचे प्रतिज्ञापत्र केले आणि वर्तमानपत्रात त्यांच्या फोटोसह निवेदन दिले. त्यावर एक पूर्ण अनोळखी गृहस्थ घरी आले. "सहीच हवी ना? मी करतो. एरवी माझी सही कोण मागतंय!" त्यांना पाणी देऊन परत पाठवले. दुसऱ्या दिवशी खुद्द पतींचा फोन आला. मुलगी कशी आहे हे विचारायला नव्हे. "टक्कल दिसणारा फोटो कशाला छापलास? इथे लोक हसतात मला." इथे म्हणजे कुठे, हे विचारेपर्यंत फोन बंद. तो आजवर लागलेला नाही.

५) अर्जदाराने हे प्रामाणिकपणे आपल्या खिडकीवर कळवले. ही तिची चूक झाली. "फोन आला म्हणजे बेपत्ता नाहीत. आधीचं प्रतिज्ञापत्र बाद," असे साहेब म्हणाले. थोडक्यात, हा माणूस नियमापुरता आहे आणि सहीपुरता नाही.

६) आज सकाळी अर्जदाराच्या सासूबाई, सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे धरून आपले जिने चढून आल्या. खिडकीत म्हणाल्या, "पोरगं माझं. नालायक निघालं. त्याच्या प्रगतिपुस्तकावर बापाच्या जागी मीच सही करायची, आता त्याच्या पोरीच्या कागदावर करते. आणा इकडे." नात गेली की या बाई घरात एकट्या उरणार आहेत. तरी रोज सकाळी "गेलीस का ऑफिसात?" म्हणून अर्जदाराच्या मागे लागतात त्याच. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, उत्तर दिले नाही.

७) तेवढ्यात मुलगी टाचा उंचावून खिडकीशी गेली.

"काका, माझे बाबा तुमच्याकडे आहेत का?"

साहेब गडबडले. "नाहीत, बेटा."

"मग आमच्याकडेपण नाहीत. लिहा ना तसं."

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि हळूच म्हणाले, "एकट्या पालकाचा नियम आहे, ताई. पण ते मोठ्या साहेबांच्या हातात. अर्ज लिहा, मी स्वतः आत नेतो."

तो हा अर्ज. तरी सदर नियमानुसार फक्त आईच्या सहीवर मुलीस पासपोर्ट मंजूर व्हावा, ही विनंती. अर्जदार, सासूबाई व मुलगी बाहेरच्या बाकावर बसल्या असून होकार ऐकूनच उठतील. बाक तिघींना पुरतो.

सोबत : जन्मदाखला, नोकरीचे पत्र, एकट्या पालकाचे घोषणापत्र.

दिनांक : आजचाच.

आपली, नम्रता अजून थोडी शिल्लक असलेली,
(सही)
मुलीची आई