मिशन शाळेला धाडलेले आखाजीचे मूळ

सोनगीर, ता. जि. धुळे
दिनांक : २०/०३/२०२६

प्रति,
मा. मुख्याध्यापिका सिस्टर,
सेंट मार्था मिशन माध्यमिक शाळा (मुलींची),
कासुंगे, युगांडा.

विषय : आपल्या शाळेतील गणित-विज्ञान शिक्षिका कु. ज्योती निंबा भदाणे यांना आखाजीसाठी माहेरी पाठविणेबाबत.

संदर्भ : कु. ज्योती यांचे गेल्या मंगळवारचे फोनवरील बोलणे, "बघते आबा, घंटा झाली."

महोदया,

अर्जदार हा कु. ज्योतीचा पिता असून शाळेतील शिपाई या पदावरून निवृत्त झालेला आहे. शिक्षकांचे रजेचे अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवण्याचे काम त्याने नोकरीभर केले, त्यामुळे अर्ज कसा असावा हे त्यास माहीत आहे. इंग्रजी मात्र येत नाही. पुतण्या कुंदन याने मोबाईलवर या अर्जाचे इंग्रजी केले व तेच उलट मराठी करून वाचून दाखविले, तेव्हा अर्जदारालाच रजा मंजूर झाल्यासारखे वाटले. सबब अर्ज मराठीतच सादर आहे.

आपल्या शाळेत मराठी वाचू शकणारी एकच शिक्षिका आहे, व ती कु. ज्योतीच आहे. अर्ज तिच्याकडूनच वाचून घ्यावा लागेल, त्यास इलाज नाही. परंतु जिच्याबद्दल अर्ज आहे तीच वाचणार म्हटल्यावर ती काही मजकूर गाळण्याची शक्यता आहे. गाळताना ती ओढणीचे टोक बोटाला गुंडाळते. लहानपणापासून असेच आहे. तसे दिसल्यास कृपया तिला दोन ओळी मागे जाऊन पुन्हा वाचण्यास सांगावे.

१. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात या सणाला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. त्यांच्यासाठी कडूलिंबाला झोके बांधतात. मुलगी आपण होऊन येत नाही. माहेरचे कोणीतरी, बहुधा भाऊ, तिच्या सासरी जातो, एक मुक्काम करतो, विहीणबाईंची परवानगी घेतो आणि तिला सोबत आणतो. यास मूळ धाडणे म्हणतात व जाणाऱ्यास मुऱ्हाळी म्हणतात.

कु. ज्योतीचे लग्न झालेले नाही. परंतु चार वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली तेव्हापासून तिने केव्हा उठायचे, केव्हा जेवायचे आणि कोणाला विचारून बाहेर जायचे हे सर्व आपल्या शाळेच्या हाती आहे. यास आमच्याकडे सासरच म्हणतात. ज्योतीला हे मान्य नाही. "आबा, हाई सासर नही शे, नोकरी शे. सुटी मीच मांगसु," असे ती म्हणते. चार वर्षे ती हेच म्हणत आहे व चारही आखाज्या तिच्याविना गेल्या. शेवटी गावातील धनसिंग नाना यांना विचारले. ते म्हणाले, "मूळ धाडाबिगर पोर येस का कव्हय?" तेव्हा अर्जदाराच्या लक्षात आले की दोष शाळेचा नाही आणि पोरीचाही नाही. आपणास आजवर कोणी रीतीने विचारलेलेच नाही. आपण विहीणबाईंच्या जागी आहात. आपण संसार केलेला नाही असे ज्योती सांगते, तरी जागा तीच राहते.

२. ज्योतीला काम किती आहे याची घरच्यांना कल्पना नाही, असे आपणास वाटू नये. फोनवर जे ऐकू येते त्यावरून पुढील माहिती जमलेली आहे. चूक असल्यास तिने वाचतानाच दुरुस्त करावी.

ती दिवस उगवण्याआधी उठून वसतिगृहातील मुलींना अभ्यासाला बसवते. पेंगणाऱ्यांना उभे करते. मग प्रार्थना असते. ज्योती आपल्या धर्माची नाही, म्हणून तिला मागे उभे राहून उशिरा येणाऱ्या मुलींवर लक्ष ठेवण्याचे काम दिलेले आहे, आणि त्यामुळे तिची प्रार्थना कधीच चुकत नाही. त्यावर मक्याची पेज. नंतर गणिताचे तास. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाता जाता ती घरी फोन लावते. ही वाट फार लांब नसावी, कारण "जेवलात का" आणि "जेवलीस का" एवढे होते न होते तोच समोरून पोरींचे "गुड मॉर्निंग मॅडम" ऐकू येते. दुपारी उकडलेली हिरवी केळी आणि घेवडा. पुष्पाबाईंचे, म्हणजे ज्योतीच्या आईचे, माहेर जामनेरचे. केळीच्या बागेत वाढलेल्या त्या बाईला, केळे असे रोज भाताच्या जागी खातात हे शेवटपर्यंत पटले नाही.

दुपारनंतर प्रयोगशाळा. मग मैदान. ज्योती आयुष्यात कोणता खेळ खेळलेली नाही, पण शिट्टी तिच्या गळ्यात आहे. कोणा मुलीला ताप भरला तर तिला भाड्याच्या मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागून धरून, ज्योतीच दवाखान्यात नेते. रात्री पुन्हा अभ्यासाचा तास, आणि सौरदिवा मंद होईपर्यंत वह्या. रविवारी सुटी असते असे तिने सांगितले आहे. त्या दिवशी ती गाणाऱ्या मुलींना ओळीत उभे करते व कोठीतील मका मोजून देते. अर्जदाराच्या वेळी एवढे काम तीन शिक्षक, एक शिपाई आणि मुख्याध्यापकांचे मेहुणे मिळून करीत. पुष्पाबाई म्हणत, "पोर बठ्ठं काम करस, पन जेवस कव्हय?" पोर जेवते केव्हा, याचे उत्तर आपल्यापाशी असल्यास कळवावे.

सबब ज्योती रिकामी बसलेली आहे म्हणून बोलावीत नाही.

३. पुष्पाबाई दिवाळीनंतर वारल्या. ज्योती चौथ्या दिवशी पोहोचली आणि गंधमुक्तीचा विधी होताच परत गेली, कारण मुलींची बोर्डाची परीक्षा चालू होती. त्याबद्दल तक्रार नाही. अर्जदारानेच तिला धुळ्याला गाडीत बसवून दिले.

पूर्वी घरचा फोन पुष्पाबाईंकडे असे. सर्व बोलून झाल्यावर त्या "घ्या, तुम्हीबी बोला" म्हणून तो अर्जदाराच्या हातात देत, तोवर तिकडे घंटा होई. अर्जदाराचे कधी अडले नाही. आता फोन पहिल्यापासूनच अर्जदाराकडे असतो. काय बोलावे ते सुचत नाही. घंटा व्हायला वेळ असतो आणि दोघेही तिची वाट पाहतात.

४. मुऱ्हाळी म्हणून पुतण्या कुंदन यास पाठविण्याचे ठरले होते. तो नरडाण्याला कारखान्यात कामाला आहे व स्वभावाने गरीब आहे. त्याने पासपोर्टसाठी अर्ज केला. चौकशीला आलेल्या हवालदारांनी कारण विचारले, तर कुंदन म्हणाला, "बहिणीला घ्यायला जायचंय." हवालदार म्हणाले, "तिला एकटीला येता येत नाही का?" कुंदन म्हणाला, "येता येतं. एकटीच गेली होती. पण घ्यायला गेल्याशिवाय येणार कशी?" हवालदारांनी चहा संपविला आणि पुन्हा येतो असे सांगून गेले. अद्याप आलेले नाहीत.

सबब विनंती की, या अर्जासच मुऱ्हाळी समजण्यात यावे. रीतीप्रमाणे त्याचा एक मुक्काम आपल्या टेबलावर झाल्यास हरकत नाही. चहापाण्याची तसदी घेऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यास ज्योतीसह निरोप द्यावा.

५. तासांची पर्यायी व्यवस्था दाखविल्याशिवाय रजा मंजूर होत नाही, हे अर्जदार जाणून आहे. म्हणून असे सुचविण्यात येत होते की, ज्योती येथे असेपर्यंत अर्जदार स्वतः आपल्या शाळेत विनावेतन हजर राहील. गणित जमणार नाही. परंतु पेंगणाऱ्या मुलींना उठविणे, उशिरा येणाऱ्यांवर लक्ष ठेवणे, शिट्टी वाजविणे व घंटा देणे ही कामे त्यास येतात. हे लिहून झाल्यावर ध्यानात आले की, तसे केल्यास ज्योती घरी येईल तेव्हा घरी कोणीच नसेल. सबब ही सूचना मागे घेण्यात येत आहे. दुसरी व्यवस्था सुचत नाही. आपण मोठ्या आहात, आपणास सुचेल.

आखाजी यंदा रविवारी आली आहे. रविवार धरून रजा दिल्यास एक दिवस वाचतो, याकडे लक्ष वेधतो.

६. माहेरी गेलेली मुलगी परत येईल की नाही, अशी चिंता सासरच्यांना असते. म्हणून अर्जदार पुढीलप्रमाणे हमी देतो. ज्योतीला ठरल्या दिवशी परत पाठविले जाईल. आजारपणाचे निमित्त सांगून ठेवून घेतले जाणार नाही. लग्नाचा विषय अर्जदार काढणार नाही. शेजारच्या सारिका अक्का यांच्याकडे दोन स्थळे आहेत, त्यांनाही ताकीद दिली आहे. त्या म्हणाल्या, "मी काय बोलणार? मी फोटो फक्त टीव्हीवर ठेवीन." फोटोही ठेवू दिले जाणार नाहीत. (हे कलम शिक्षिकेने गाळल्यास गाळू द्यावे. तिला कळले म्हणजे झाले.)

जेवणाची आबाळ होणार नाही. सांजोऱ्या, म्हणजे रवा भरून तळलेल्या गोड पुऱ्या, पुष्पाबाई करीत. अर्जदाराने यंदा स्वतः शिकण्यास घेतल्या आहेत. पहिल्या खेपेस त्या तेलात उकलल्या व रवा सगळा कढईत गेला. दुसऱ्या खेपेच्या कुंदनने खाल्ल्या आणि चांगल्या झाल्या म्हणाला, पण तो स्वभावाने गरीब आहे हे वर लिहिलेच आहे. आखाजीपर्यंत जमतील. ज्योती परत येताना आपल्यासाठीही डबा देण्यात येईल.

झोका बांधलेला आहे. चारही वर्षे पुष्पाबाईंनी तो बांधून ठेवला होता. त्यावर गल्लीतल्या पोरी बसत. जुना दोर कुजला म्हणून यंदा नवीन घेतला.

७. आखाजीआधी आमच्यात कोणी आंबा तोंडात घालत नाही. आधी पितरांना, मग घरच्यांना. आपल्या आवारात आंब्याचे झाड आहे व त्यास नाताळात फळ येते, असे ऐकतो. ज्योतीने निघताना आईला शब्द दिला होता, म्हणून ती नाताळात खात नाही. आखाजी येते तेव्हा झाडावर काही उरलेले नसते. चार वर्षे तिने आंबा खाल्लेला नाही. हे तिने अर्जदारास कधी सांगितले नाही, आईला सांगितले होते. खरे-खोटे आपण जाणता.

यंदा पुष्पाबाईंच्या नावाची पहिली घागर भरायची आहे. पाण्याने भरलेली नवी घागर, तिच्यावर खरबूज, सांजोऱ्या आणि आंबे. ती भरण्यास मुलगीच पाहिजे असे नाही. कुंदन भरू शकतो. हे लपवून रजा मागणे बरोबर नव्हे, म्हणून लिहिले आहे. अडचण वेगळी आहे.

त्या दिवशी पितर घरी येतात असे आम्ही मानतो. म्हणजे पुष्पाबाई येतील. गेली चार वर्षे आखाजीला त्या सकाळीच हायवेवर जाऊन उभ्या राहत. ज्योती येणार नाही हे फोनवर ठरलेले असे, तरी जात. धुळ्याकडून आलेल्या दोन-तीन गाड्या पाहून परत येत आणि दारातूनच अर्जदाराला विचारत, "पोर उनी नही?" जणू तो तिला आत लपवून बसला होता. अर्जदार म्हणे, "पुढच्या वर्षी येईल." त्यावर त्या पाणी पीत व सैपाकाला लागत.

यंदाही त्या पाण्याला तोंड लावण्याआधी तेच विचारतील. यंदा "पुढच्या वर्षी" असे सांगता येत नाही.

८. वरील सर्व पाहूनही रजा देणे शक्य नसल्यास राग नाही. शाळा चालवावी लागते, हे अर्जदारास कळते. मात्र तसे असेल तर या अर्जावरच "नामंजूर" असे लिहून, सही-शिक्का करून तो परत पाठवावा. इंग्रजीत लिहिले तरी चालेल. अर्जदार तो घागरीपाशी ठेवील. पुष्पाबाईंनी विचारले म्हणजे दाखविता येईल की, यंदा मूळ धाडले होते.

येथवर वाचताना शिक्षिका थांबली असल्यास तिला पुढे वाचण्यास सांगू नये. तिला पाणी द्यावे. घंटा झाली असल्यास तो तास दुसऱ्या कोणास घेऊ द्यावा. यापुढे फक्त सही आहे.

आपल्या उंबऱ्याशी थांबलेला,
आपला नम्र,

(सही)
निंबा तोताराम भदाणे
सोनगीर

सोबत :
(१) कै. पुष्पाबाई निंबा भदाणे यांच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स.
(२) झोक्याच्या नवीन दोराचा तुकडा, एक वीत. वजन पेलतो याची खात्री कुंदनने स्वतः बसून केलेली आहे.
(३) उत्तरासाठी पत्ता लिहून तिकीट लावलेले पाकीट. तिकीट भारताचे आहे. आपल्याकडे चालत नसल्यास उत्तर ज्योतीच्याच हाती पाठवावे.