पान चौतीस, शेवटचा परिच्छेद

अमरावती,
२ डिसेंबर २०२४

प्रिय वर्षू,
स. न. वि. वि.

पाकीट जाड आहे म्हणून पोस्टमनकाकांनी तोंड वाकडं केलं असेल, तर त्यांना माझ्या नावानं कपभर चहा पाज. आत आमच्या कॉलेजचा हिवाळी अंक आहे आणि त्यात तुझ्या बहिणीचा लेख आहे! छापलेला, नावासकट! 'ऋतू तसा वेश, वेश तशी मजा'. फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या घरचा एकुलता एक फोन मोठेबाबांच्या खिशात, आणि ते स्पीकर लावूनच बोलतात. साऱ्या चिंचखेडला आपल्या गोष्टी कशाला? आठवीपासूनची ही पत्रंच बरी.

लेखात सगळं आलंय. उन्हाळ्यात आमच्या इथल्या पोरी स्कार्फ असा गुंडाळतात की सख्खा बाप समोरून गेला तरी ओळखत नाही, आणि पुष्कळींना तेच हवं असतं. पावसाळ्यात पारदर्शक रेनकोट, म्हणजे ड्रेस भिजला तरी चालेल पण दिसला पाहिजे. थंडी पडो न पडो, एक डिसेंबरला जॅकेट अंगात. दुपारी बारा वाजता घामाच्या धारा लागतात, तरी काढायचं नाही, कारण आतल्या टॉपला इस्त्री नसते. रविवारी कोणाच्या तरी वावरात रोडगे अन् वांग्याची भाजी, त्यातही आधी फोटो, मग घास. आमचे सर म्हणाले की पोरीची नजर तीक्ष्ण आहे. आठ दिवस माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

आता ऐक. पान चौतीसवरच्या शेवटच्या परिच्छेदात एक गंमत आहे. ती तुझ्यावर आहे! नाव नाही घातलं, पण तुला कळेलच. आधी चोरून वाचायचं नाही, माझी शपथ आहे. वावरात जेवणाच्या सुटीत साऱ्या बायांसमोर मोठ्यानं वाच आणि कोण कशी हसली ते मला कळव.

आणि जून विसरू नको. बारावीला मराठीत तुझे ब्याण्णव, माझे एक्काहत्तर, अन् कॉलेजात कोण, तर मी! मोठेबाबांचा पाय मोडला म्हणून तू दोन हंगाम घरी राहिलीस. आता ते चालतात-फिरतात आणि या कापसानंतर तुला पाठवायला तयार आहेत. माझ्या खोलीतली रागिणी यंदा शेवटच्या वर्षाला आहे, ती गेली की तिची जागा तुझी. वॉर्डनबाईंना मी आत्तापासून सांगून ठेवलंय. त्या मला बघितलं की दुसऱ्या जिन्यानं जातात.

मोठेबाबांना आणि मोठीआईला शि. सा. न. उत्तर लवकर पाठव, नाहीतर लेखिकाबाई रुसतील.

तुझी,
प्रणी

*

चिंचखेड, जि. अकोला,
१४ डिसेंबर २०२४

प्रिय प्रणे,
स. न. वि. वि.

अंक मंगळवारी भेटला. पोस्टमनकाकाले चहा पाजला, ते दोन कप पेले. वऱ्हाडीतच लिहितो, इथं काही मार्क भेटणार नाहीत.

तू सांगितलं तसंच केलं. आधी उघडला नाही. वावरात लिंबाखाली जेवाले बसलो, चौदा बाया होत्या, मी उभी राहून साऱ्यायले सांगितलं का माह्या बहिणीचं पुस्तकात छापून आलं, आता कोणी कांदा फोडू नका, ऐका. मायनं तर भाकर तशीच हातात धरून ठेवली. स्कार्फचं आलं तवा बाया भल्ल्या हसल्या. घाम येऊन राहिला तरी कोट काहून घालतात, हे काही चतुराबाईच्या डोक्यात शिरलं नाही. तिचं म्हणणं पडलं का त्या पोरीयले एक दिवस आपल्या वावरात पाठवा, कोट आपोआप निघते.

शेवटचा भाग बायाले सगळ्यात जास्त आवडला. चतुराबाईनं दोनदा वाचाले लावला. दुसऱ्या खेपेले मी जराशी अडखळली, पण कोणाच्या ध्यानात आलं नाही.

तू चांगलं लिहिते. त्यात काही वाद नाही. वाक्य कसं सरसर जाते.

पऱ्हाटीचा कापूस वेचणं अजून दोनेक महिने चालन. बाबाचा पाय थंडीत ठणकते, तरी गाडी जुपतातच. जूनचं जूनमध्ये पाहू. आत्ताच वॉर्डनबाईच्या मागं लागू नको.

मायचे आशीर्वाद. तब्येतीले जपजो आणि आमाले आठवत राहजो.

तुही,
वर्षाली

*

अमरावती,
९ जानेवारी २०२५

प्रिय वर्षू,
स. न. वि. वि.

तुझं पत्र साऱ्या खोलीला वाचून दाखवलं. वावरात दोनदा वाचायला लावला म्हणजे काय चेष्टा आहे का! मला वाटलंच होतं की शेवटचाच भाग बाजी मारणार. इथंही तसंच झालं. 'माझ्या एका बहिणीचा हिवाळी पेहराव पाहा: अंगात बापाचा फुल शर्ट, डोक्याला आईचं फडकं, पायात आजोबांचे बूट, एकाच देहावर अख्खं खानदान! बुजगावणं रजेवर गेलं तर हिला उभी करावी, पाखरं तालुका सोडून जातील.' या ओळी पोरींना पाठ झाल्यात.

पुढची गंमत तर ऐकच. आमच्याकडे जानेवारीत रोज कुठला ना कुठला डे असतो. मिसमॅच डेला रागिणी बापाचा शर्ट, साडी आणि बूट घालून आली, हात आडवे करून मैदानात उभी राहिली. पहिला नंबर! आता सगळे त्याला बुजगावणं लूक म्हणतात. पंचवीस तारखेला गॅदरिंग आहे, त्यात आठ पोरी तसाच वेश करून स्टेजवर येणार आणि लेख मी वाचणार.

म्हणून तू ये. अस्सल माल स्टेजवर पाहिजे! येताना तो निळ्या चौकड्यांचा शर्ट घेऊनच ये. एक दिवसाचाच तर प्रश्न आहे, अकोल्याहून सकाळची एसटी धर. कॉलेजही पाहून होईल, जूनमध्ये नवखं वाटणार नाही.

बाकी दोनदा फोन केला तर मोठेबाबा म्हणाले की तू गोठ्यात आहेस. एवढं काय असतं गं गोठ्यात? आमच्यापेक्षा म्हैस लाडकी झाली की काय?

वाट पाहते. प्रेमात काटकसर करू नको.

तुझी,
प्रणी

*

चिंचखेड,
१६ जानेवारी २०२५

चि. प्रणालीस मोठीआईचे अ. आ.

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. एक पत्र लिवाले मले अर्धा दिवस लागते. पण हे फोनवर सांगता येत नाही अन् सांगितल्याबिगर राहवत नाही.

त्या दिवशी लिंबाखाली वर्षीनं तुहा लेख वाचला. शेवटी असं वाचलं का पऱ्हाटीच्या हंगामात आमच्या गावची सगळ्यात भारी फॅशन म्हणजे घरधन्याचा जुना शर्ट. तो बायकोच्या आंगात गेला का दोन महिने घरधनी बिनहुकमाचा, काहून का हुकूम शर्टाच्या खिशात राहते अन् खिसा बायकोजवळ. बाया पोट धरून हसल्या. चतुराबाईनं त्याच सांजीले नवऱ्याले चहा मांडाले लावला, म्हणे पुस्तकात तसं छापलं आहे. मले ते एवढं आवडलं का आठ दिवसानं मी पुस्तक काढलं, म्हटलं आपण आपलं पुन्हा वाचू. सारी पानं पाहिली. ते कुठीच नाही. त्याच्या जागी बुजगावणं आहे.

पोरीले विचारलं. आधी उडवाउडवी केली, मंग बोलली. वाचता वाचता तिचे डोळे पुढच्या ओळीवर गेले, तिले समजलं का हे आपल्यावरच आहे, अन् तिनं उभ्या उभ्या मनानं दुसरं जोडलं. काहून, तं बायायनं तुले नावं ठेवू नये म्हणून. बहीण बहिणीले बुजगावणं म्हणते, हे त्यायच्या कानी जाऊ नये. तिले सोताची पर्वा नव्हती, तुही होती.

तवापासून ती शर्ट घालत नाही. उघड्या हातानं वेचते. कोपरापर्यंत ओरखडे आहेत. बोललं तं ऐकत नाही. काल तुहं पत्र आलं, शर्ट घेऊन ये म्हणून. तिनं वाचलं, घडी घातली अन् भाकरी टाकाले बसली. आता म्हणते का जूनमध्ये जाणार नाही. तिचे बाबा हो म्हणतात, मी हो म्हणतो, अन् जिच्यासाठी हे सारं, तेच नाही म्हणते. दोन वर्षं पोरगी जूनकडे डोळे लावून बसली होती.

तू लहान आहेस बाई. माणूस चुकते. मी रागवाले लिहिलं नाही. तुह्या शब्दानं अडलं आहे, तुह्याच शब्दानं निघते का पाहय.

जेवत जाजो. तुह्या बाबाले अन् आईले आमचा नमस्कार कळवजो.

तुही मोठीआई,
पार्बताबाई

*

अमरावती,
२३ जानेवारी २०२५

प्रिय वर्षू,
स. न. वि. वि.

मोठीआईचं पत्र आलं. तिच्यावर रागावू नको. तिनं लिहिलं नसतं तर मी पंचवीस तारखेला स्टेजवर उभी राहून ते पुन्हा वाचलं असतं, हसत हसत.

तीन दिवस काय लिहावं सुचत नाही. गंमत केली, वाईट हेतू नव्हता, असं लिहून पाहिलं आणि फाडलं. हेतू काय होता ते मला चांगलं माहीत आहे. तो निळ्या चौकड्यांचा शर्ट मी पण घातलाय. अकरावी-बारावीच्या दिवाळीत तुमच्याकडे आले की आपण दोघी एकाच ओळीत वेचायचो, एक दिवस तो तुझ्या अंगात, एक दिवस माझ्या. इथं आल्यावर हे मी कोणालाच सांगितलं नाही. लेखात खानदानाची गंमत हवी होती तर स्वतःला घालायचं होतं. मी स्वतःला गाळलं आणि तुला पुढं केलं. आणि वर तुलाच वाचायला लावलं, शपथ घालून! माझी मलाच शरम वाटते वर्षू.

गॅदरिंगमधून मी नाव काढलं. रागिणीला खरं सांगितलं, ती बिचारी रडायला लागली, म्हणाली की तिला वाटलं होतं लेखातली ती बहीण मी मनानंच रचलेली आहे, ती तू नाहीस. वाचनालयात, होस्टेलमध्ये, कॅन्टीनमध्ये फिरून अंक परत मागते आहे. कोणी देतं, कोणी वेडी समजतं. आत्तापर्यंत नऊ मिळाले.

तुझा परिच्छेद मोठीआईनं लिहिलाय तेवढाच मला माहीत आहे. माझ्या अख्ख्या लेखापेक्षा तो चांगला आहे. तू उभ्या उभ्या जे केलंस ते मला आठ दिवसांत जमलं नाही. तू हो म्हणालीस तर पुढच्या अंकात तो तुझ्या नावानं छापायला देते, माझी चूक कबूल करून.

पण ते राहू दे. तू जूनमध्ये ये. माझ्यावर रुसून ये, माझ्याशी बोलू नको, दुसऱ्या खोलीत राहा, पण ये. माझ्यासाठी शिक्षण सोडू नको. वाटलं तर मी खोली बदलून घेते.

हातांना खोबरेल तेल लाव. आणि तो शर्ट घाल गं, पाया पडते.

आशीर्वाद मागायची आज लाज वाटते. रागावलीस तरी मला आपली मान.

तुझीच,
प्रणी

*

चिंचखेड,
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रणाली,
स. न. वि. वि.

तुहं पत्र तीनदा वाचलं. मायनं तुले लिहिलं हे मले त्यातूनच समजलं. तिच्याशी भांडली, मंग दोघी एका ताटात जेवलो.

आधी हे सांगतो का मी तुले माफ केलं. नाहीतर तू धड जेवणार नाहीस, तुहा स्वभाव मले माहीत आहे. हात बरे आहेत. चार दिवसापासून शर्ट पण घालून राहिली. ऊन काही कोणाचा लेख वाचून कमी होत नाही. अन् अंक मागत गावभर हिंडणं बंद कर, पोट्टे तुलेच हसतील. रागिणीवर माहा राग नाही. तिले तसं सांगजो. लेखातली बहीण मीच आहे हे तिले माहीतच नव्हतं.

ते जोडलेलं छापू नको. ते लिंबाखालच्या चौदा बायासाठी होतं, त्यायले पोचलं. चतुराबाईच्या घरी अजून नवराच चहा मांडते.

अमरावतीचं मात्र माहं ठरलं. मी येत नाही. काहून ते एकदाच लिहितो, पुन्हा विचारू नको.

पोरी हसतील याचं मले भेव नव्हतं. माह्या बोलण्याले, माह्या कपड्याले हसतील, हे मी दोन वर्षं धरूनच चालली होती. त्याची तयारी केली होती मनाची. दिवसभर हसोत, कॉलेज सुटलं का खोलीत येऊन दार लावू, आत प्रणी आहे, एवढ्यावर मी येणार होती. पान चौतीस वाचलं तवा मले राग नाही आला. मले एवढंच समजलं का दाराच्या आत पण तेच आहे.

तू वाईट नाहीस. मले पाह्यल्यावर तुले पहिलं काय दिसते ते तुह्या हातून छापल्या गेलं, बस. तू आता हजारदा माफी मागशील अन् ती खरीच राहीन. पण तू माह्याकडे पाहून राहिली असशील तवा मीच माह्याकडे पाहत बसीन, अभ्यास कवा करू?

शिक्षण सोडत नाही, ती काळजी करू नको. जूनमध्ये अकोल्याच्या कॉलेजात नाव टाकतो. सकाळी सातच्या एसटीनं जाणं, चारच्या एसटीनं येणं. बाबा हो म्हणले. तिथं मले ओळखणारं कोणीच नाही, अन् मले तेच बरं वाटते.

काका-काकूले नमस्कार सांगजो. लोभ आहे, जेवढा उरला तेवढा दोघी सांभाळू.

तुही बहीण,
वर्षाली