वीसपैकी नऊ आणि साठपैकी वीस

मॅडम,

आज संध्याकाळपासून मला एका जागी बसवत नाही. चहा ठेवला तो उतू गेला, पुन्हा ठेवला तो कपात गार झाला. गॅलरीत गेले, आत आले, पुन्हा गॅलरीत. शेवटी कोरे कागद ओढले आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. होतात तेव्हा मी तुम्हाला कधी दोन ओळीही लिहिल्या नाहीत, आणि तुम्हाला ते आवडलंही नसतं. ‘बोलायचं असेल तर मैदानावर ये,’ एवढंच म्हणायचात. आज मैदानावरूनच आलेय. तिथे काय झालं ते सांगायचंय, पण सरळ तिथून सुरुवात केली तर तुम्हाला कळेल, मला कळणार नाही. म्हणून आधीचं लिहिते.

तुमच्याकडे मी आले ती खेळायला. कॉलेजच्या मागचं ते बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट, एका बाजूला उखडलेलं, रिंगला जाळी नाही. तीन गुणांची रेषा तिथे नव्हतीच. तुम्ही कुठल्याशा शिबिराहून परत आलात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुतळी घेऊन रिंगखाली उभ्या राहिलात. सुतळीचं एक टोक तुमच्या हातात, दुसरं माझ्या, आणि माझ्या दुसऱ्या हातात चुन्याचा डबा. सव्वासहा मीटर. ‘ढिली सोडू नकोस, वाकडी येईल,’ तुम्ही ओरडताय आणि मी अर्धगोलात मागे मागे सरकत चुना टाकतेय. वाकडी आलीच. उजव्या कोपऱ्यात ती रेषा थोडी आत शिरली होती, आणि पुढे कितीतरी दिवस सगळ्या मुली त्याच कोपऱ्यात जाऊन शॉट मारायच्या. तुम्हाला ते कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा सटाण्याची बोली बाहेर आली, ‘हाई काय शे?’ आणि मग झाडू घेऊन स्वतः रेषा पुसायला लागलात.

त्याच हिवाळ्यात उडी मारून उतरताना माझा गुडघा फिरला. लिगामेंट. डॉक्टरांनी खेळ बंद म्हणून सांगितलं आणि मी कोर्टाकडे यायचंच सोडलं. तुम्ही मला कॉलेजच्या फाटकात गाठलंत. बरं वाटतंय का वगैरे काही नाही. ‘बीएस्सीला स्टॅटिस्टिक्स घेतलंयस ना? मग टेबलावर बस आणि मोज.’ मला राग आला होता. खेळणाऱ्या मुलीला मोजायला बसवणं म्हणजे काय ते तुम्हाला कळत नाही असं वाटलं. पण बसले. कुणी किती शॉट घेतले, कुठून घेतले, किती आत गेले. महिन्याभरात मला त्याची चटकच लागली. खेळात माझ्या गुडघ्याला न उरलेली जागा माझ्या हाताला मिळाली होती.

आणि त्या दोघी. एक इगतपुरीची. वडील रेल्वेत, सकाळच्या गाडीनं नाशिकरोडला यायची, तिथून बसनं कॉलेजात. पावसाळ्यात आमच्याकडे चेंडू सुकतच नाही, म्हणायची, म्हणून ती रेल्वेच्या हॉलमध्ये भिंतीवर मारून शिकली. ती उभी राहील तिथून मारायची. समोर कुणी हात पसरून उभी असली तरी मारायची. साठेक शॉट घेतले होते तिनं त्या हंगामात, त्यातले वीस आत गेले. दुसरी मखमलाबादची. घरी शेवंती, झेंडू, गुलाब. पहाटे बाजारात फुलं पोचवायची आणि मग सरावाला यायची, बोटांना देठांचा हिरवा डाग असायचा. ती क्वचित मारायची. पाय नीट लागले, समोर कुणी नाही, तरच. वीस शॉट घेतले असतील, त्यातले नऊ आत. चेंडू तिच्या हातातून सुटला की मी कागदाकडे बघायचंच विसरायचे.

जिल्ह्याच्या संघात लांबून मारणारीची एकच जागा उरली होती आणि नाव तुम्ही द्यायचं होतं. त्या संघातून राज्य स्पर्धा, स्पर्धेचं प्रमाणपत्र, प्रमाणपत्रावर रेल्वेतली खेळाडूंची भरती. दोघींनाही ते माहीत होतं. मखमलाबादच्या मुलीला तिच्या वडिलांनी सांगूनच ठेवलं होतं, निवड झाली तर खेळ, नाही झाली तर मळ्यात माणूस कमी आहे.

‘हं, बोल,’ तुम्ही म्हणालात. आपण स्टाफरूमच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसलो होतो. ‘चांगली कोण मारते?’

मी आठवडाभर त्याचीच तयारी केली होती. वीसपैकी नऊ दिसायला मोठं दिसतं, पण वीस शॉट फार थोडे आहेत. आणखी दोन चुकले असते तर दोघी जवळजवळ सारख्या झाल्या असत्या. शिवाय एक फक्त सोपे शॉट घेते आणि दुसरी अवघडही घेते. मग टक्क्यांची तुलना करायची कशी? हे सगळं मी तुम्हाला मोठ्या ऐटीत सांगितलं आणि शेवटी म्हणाले, ‘मॅडम, खरं सांगायचं तर सांगता येत नाही.’

तुम्ही विचारलंत, ‘उद्या नाव द्यायचंय. काय लिहू? कुमारी सांगता येत नाही?’

‘पण ते खरं आहे, मॅडम.’

‘खरं असेल गं. पण ते बोलून तू मोकळी झालीस. मी कशी होऊ?’

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दोघींना रेषेवर उभं केलंत आणि दमेपर्यंत मारायला लावलंत. मखमलाबादची सरस ठरली. मी लगेच म्हणाले, पण इथे अंगावर कुणी येत नाहीये, सामन्यात असं नसतं. दुपारी कळलं की नाव इगतपुरीच्या मुलीचं दिलंत. का, विचारलं तर म्हणालात, ‘चुकल्यावर ती पुन्हा मारते.’ मला ते पटलं नाही. चुकल्यावर पुन्हा मारणं हा गुण की खोड, हे कुठल्या आकड्यात बसतं? मी तसं म्हणालेही. तुम्ही लुनाला किक मारली आणि म्हणालात, ‘बस मागे. मखमलाबादला जायचंय.’

ती संध्याकाळ मला अजून दिसते. वाटेत रस्त्यावर लसणाचा, ओल्या मातीचा वास. अंगणात ती, तिची आई आणि चुलती फुलं निवडत बसल्यात. आपल्याला बघून ती उठते, हसते. ओढणीला पाकळ्या चिकटल्यात. तिला वाटलं असणार, मॅडम घरी आल्यात म्हणजे निवड झाली. तिच्या आईनंही चहाला साखर जास्तच टाकली. तुम्ही कप हातात घेतला नाहीत. ‘आधी ऐक. तुला पाठवत नाहीये,’ म्हणालात. तिचं हसू लगेच गेलं नाही, तोंडावर तसंच राहिलं थोडा वेळ. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

‘माझं काय चुकलं, मॅडम?’

‘काही नाही चुकलं. जागा एक आहे. निवड माझी आहे. रागवायचं तर माझ्यावर रागव.’

ती तुमच्यावर रागावली नाही. माझ्याकडे वळली. ‘तू मोजत व्हतीस ना? मग तू सांग. कोण चांगलं मारतं?’

मी तेच म्हणाले. ‘सांगता येत नाही गं.’

‘लय भारी,’ ती म्हणाली. ‘एवढं मोजून?’ आणि खाली बसून फुलं निवडायला लागली. तुम्ही तो चहा प्यालात, पूर्ण. मी माझा कप तसाच खाली ठेवला.

ती पुन्हा सरावाला आली नाही. इगतपुरीची राज्य स्पर्धेला गेली, पहिल्या सामन्यात काहीच जमलं नाही, पुढच्यात बरं खेळली, आणि दोनेक वर्षांनी रेल्वेत लागली. पण म्हणून तुम्ही बरोबर होतात असं होत नाही. दुसरी गेली असती तर काय झालं असतं, ते कुणी पाहिलंय? हेच मला सोडत नव्हतं. पुण्याला एमएस्सीला गेले तरी तेच. तिथे शिकले की थोड्या शॉटवरून काढलेली टक्केवारी जशीच्या तशी धरायची नसते. ती सगळ्यांच्या सरासरीकडे ओढून घ्यायची, शॉट जितके कमी तितकी जास्त ओढायची. ज्या दिवशी हे शिकवलं त्या दिवशी मी वर्गातून उठून थेट संगणकाच्या खोलीत गेले. दोन अगदी सारख्या मुली कल्पिल्या, एकीला वीस शॉट दिले, एकीला साठ, आणि यंत्राला हजारो हंगाम खेळायला लावले. तीनातल्या एका हंगामात तरी नुसत्या योगायोगानं तुमच्या त्या दोघींइतका फरक पडत होता. शिवाय तो सरासरीकडे ओढून घ्यायचा हिशेब केला तर मखमलाबादची किंचित पुढे. अगदी किंचित.

हे घेऊन मी तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही नाशिकला सिडकोतल्या घरी अंथरुणावर होतात. किडन्या गेल्या होत्या. इतक्या बारीक झाल्या होतात की मी दारातच थांबले. तुम्ही म्हणालात, ‘गुडघा कसाय?’ मग मी तो हिशेबाचा कागद काढला. आजारी माणसासमोर काय काढावं याचंही भान नव्हतं मला. सगळं समजावून सांगितलं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत.

‘म्हणजे मी चुकले?’

‘तसंही म्हणता येत नाही, मॅडम.’

तुम्ही हसायला लागलात. हसता हसता ठसका लागला, तुमच्या बहिणीनं येऊन पाणी दिलं आणि माझ्याकडे रागानं बघितलं. दम परत आल्यावर तुम्ही म्हणालात, ‘अगं, मला खात्री नव्हतीच. खात्री असती तर नोटीस बोर्डावर नाव लावून मोकळी झाले असते. खात्री नव्हती म्हणून तिच्या घरी गेले.’

मी कागद पर्समध्ये ठेवला. पुढे काय बोललो ते आठवत नाही. थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात.

नंतर मी नाशिकलाच नोकरीला आले, आणि एकदा फुलबाजारात ती भेटली. आता तिचं पॉलिहाऊस आहे, गुलाब मुंबईला जातात. माझ्याशी छान बोलली. तुमचा विषय निघाला तेव्हा म्हणाली, ‘मॅडमचा राग नाय आला मला कधी. त्या घरी आल्या, तोंडावर बोलल्या. राग तुझा आला व्हता.’ हसूनच म्हणाली, पण म्हणाली. आणि गुलाबांचा एक गठ्ठा जबरदस्तीनं हातात दिला. मी रिक्षात तो मांडीवर घेऊन बसले आणि काटे टोचत होते तरी बाजूला ठेवला नाही.

आता आजचं. शहरात मुलींसाठी नवीन प्रशिक्षण केंद्र निघतंय, त्याच्या निवड चाचण्या होत्या. हल्ली असल्या ठिकाणी आकडे लागतातच, म्हणून मला बोलावलं. मलाही आता मॅडम म्हणतात. दोन दिवस मी टेबलावर बसले. शेवटच्या जागेला दोन मुली राहिल्या. मी प्रशिक्षकांना म्हणाले, या दोघींत फरक दाखवण्याइतके शॉट झालेले नाहीत. भला तरुण मुलगा आहे तो. अदबीनं म्हणाला, ‘मान्य आहे, मॅडम, पण मला एक नाव द्या.’ माझ्या तोंडात तेच जुनं उत्तर आलं होतं. गिळलं. एक नाव दिलं. त्यानं माइकवरून यादी वाचली आणि सगळे पांगले.

यादीत नसलेली मुलगी पेठच्या बाजूची होती, इथे वसतिगृहात राहते. पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. एक सुटली, दुसरीची गाठ बसली होती आणि ती गाठ ओढतच होती. मला निघून जाता आलं असतं. माझी पर्स खांद्याला होती, रिक्षा बाहेर उभी होती. मी जाऊन तिच्याजवळ बसले. गुडघा अजून नीट वाकत नाही, त्यामुळे बसायलाही वेळ लागला, आणि तेवढ्यात तिनं डोळे पुसून घेतले.

‘ते नाव मी दिलं,’ मी म्हणाले. ‘तुझं नाही दिलं. तू कमी आहेस असं मला आकड्यांतून दिसलं नाही. पण एकच द्यायचं होतं. माझं चुकलंही असेल.’

मला वाटलं आता विचारेल, मग मोजलं कशाला. पण ती म्हणाली, ‘मंग मी उद्या सरावाला येऊ का?’

मॅडम, हे कागद मी कुठे पाठवणार नाही, आणि सकाळी वाचले तर बहुधा फाडून टाकीन. तरी एक तुम्हाला सांगून टाकते. मी तिला ‘ये’ म्हणाले. सकाळी सहाला ये, म्हणाले. त्या केंद्रात मी कुणीच नाही, कुणाला बोलवायचा मला काही अधिकार नाही, हे मात्र तिला सांगितलं नाही.